नाकाला मिरच्या कोणत्या शतकात झोंबल्या? ऐतिहासिक कथा लिहिताना या चुका टाळा

बाराव्या शतकातला राजा. दूत उर्मट निरोप सांगतो आणि राजाच्या नाकाला मिरच्या झोंबतात. वाक्य झकास, पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतरच ती उरलेल्या जगात पसरली. ही चूक माझ्याच कथेतली. तलवारी, चिलखतं, तटबंदी सगळं तपासलं होतं; वाक्प्रचारही तपासायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. जिथे शंका येते तिथे आपण शोधतोच. फजिती होते ती शंकाच न आलेल्या शब्दांनी. म्हणून खर्डा झाला की एकदा फक्त उपमा आणि वाक्प्रचार वाचून काढा. ‘गाडी रुळावर आली’ म्हणायला आधी रूळ हवेत! निवेदक आजचा असेल तर थोडी सूट चालते, पात्राच्या तोंडी नाही.

रहस्यकथावाले हमखास पडतात तो खड्डा वेगळा: शोधाचं साल तेच वापराचं साल धरणं. बोटांच्या ठशांवरून खुनाचा छडा अर्जेंटिनात १८९२ मध्ये लागला. तेवढं वाचून १८९३ च्या लंडनमधला इन्स्पेक्टर ठसे घेत सुटला, तर कथा बुडाली. कलकत्त्यात ठशांचा विभाग १८९७ मध्ये निघाला, स्कॉटलंड यार्डात १९०१ मध्ये; आणि ब्रिटनमध्ये ठशांच्या पुराव्यावर खुनी दोषी ठरला तो १९०५ मध्ये. शोध कधी लागला यापेक्षा, माझ्या पात्राच्या गावात, त्याच्या ऐपतीच्या माणसाकडे ती वस्तू कधी आली, हे विचारा. त्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चाळाव्यात. वस्तू दिसते, किंमत कळते, वर त्या काळची भाषा फुकट.

आणि अख्खं कथानकच त्या ठशावर उभं असेल तर? साल पुढे ढकला. नाहीतर इन्स्पेक्टरला ठशांबद्दल नुसतं कुठेतरी वाचलेलं असू द्या, आणि न्यायाधीशाला त्याची टर उडवू द्या. मला हा दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण चुकीतूनच संघर्ष मिळतो.

घोडा मोटारसायकल नाही. तो रात्रभर चौखूर उधळत नाही. १८६० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या पोनी एक्स्प्रेसचे टपालस्वार साधारण दर १५ ते २० किलोमीटरवर घोडा बदलत.

तारखाही दगा देतात. ब्रिटनमध्ये १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, दिनदर्शिका बदलली म्हणून. त्या वर्षी तिथे ५ सप्टेंबरला कुणाचा खून पाडू नका.

लिहिताना एखादा तपशील अडला तर तिथे फुली मारा आणि पुढे चला. मी एकदा कंदिलात कोणतं तेल घालत हे बघायला उठलो तो तीन आठवड्यांनी परत बसलो. तोवर खुनी कोण ठरवला होता, तेच विसरलो होतो.