जुन्या वस्तीत छोटी इमारत आखताना

सांगलीच्या गावभागासारख्या एक-दोन मजली वस्तीत सहा-आठ सदनिकांची इमारत उभी करायची असेल, तर आराखड्याआधी पुराचा विचार करावा. 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते. त्यामुळे शेजारच्या भिंतींवरील पुराच्या खुणांची उंची मोजून घ्यावी आणि निळी (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) व लाल (साधारण शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा मोजणीच्या नकाशावर उतरवून घ्यावी. जोते लाल रेषेच्या पातळीहून वर येईल असे पाहावे. तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडणे इथे शहाणपणाचे आहे; मात्र विजेचे मीटर, पंपाचा स्टार्टर आणि जनित्र पहिल्या मजल्यावरच बसवावे.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून माती परीक्षणाशिवाय पायाची खोली ठरवू नये. शेजारचे घर मातीच्या भिंतींचे असल्यास सलग चर न खणता टप्प्याटप्प्याने खणावे, आणि खोदाईपूर्वी त्या भिंतींतील भेगांची छायाचित्रे शेजाऱ्यांसमक्ष काढावीत. पुढचे बरेच तंटे त्यामुळे टळतात.

उंचीबाबत माझे मत ठाम आहे: नियमाने मिळणारा प्रत्येक चौरस फूट वापरलाच पाहिजे असे नाही. वरचा मजला रस्त्यापासून मागे घेतला, तर गल्लीतला उजेड टिकतो. सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि हद्द यांमधील मोकळ्या जागेत, येणाऱ्या खिडक्या शेजारच्या परसाकडे थेट उघडू नयेत. त्यांची तळकड उंच ठेवावी किंवा त्या आतल्या चौकाकडे वळवाव्यात.