निवृत्त टेनिसपटूला एजंट व्हायचे असेल तर

व्यावसायिक टेनिसमधून निवृत्त होऊन खेळाडूंचा एजंट होण्याची वाट नवी नाही. 1970 मध्ये इली नस्तासेसह फ्रेंच ओपनची पुरुष दुहेरी जिंकणारे रुमानियाचे इऑन टिरियाक पुढे गिलेर्मो विलास आणि बोरिस बेकर यांचे व्यवस्थापक झाले, तर 1992 मध्ये जागतिक क्रमवारीत दहाव्या स्थानापर्यंत गेलेल्या स्पेनच्या कार्लोस कोस्ता यांनी राफाएल नदालचे व्यवहार सांभाळले. या वाटेने जाणाऱ्याने आपले भांडवल ओळखीपाळखीत शोधू नये. ओळखी इतरांनाही असतात. खेळाडूचे वर्षातले किती दिवस खरोखर मोकळे असतात, हे मात्र दौऱ्यांवर हाडे झिजवलेल्यालाच नेमके ठाऊक असते.

म्हणून प्रायोजकाशी बोलणी करताना रकमेच्या आधी वर्षाचे वेळापत्रक पुढ्यात घ्यावे. फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन यांच्यात जेमतेम तीन आठवडे असतात आणि तेवढ्यात लाल मातीवरून हिरवळीवर पाय बसवायचा असतो. त्या काळातला चित्रीकरणाचा एक दिवस प्रवासासह सरावाचे दोन-तीन दिवस खातो, हे कंपनीला पटवून द्यावे आणि जाहिरातीसाठी द्यायचे दिवस करारातच मोजून लिहून घ्यावेत.

रॅकेट आणि कपड्यांच्या करारांत आधी वाचायची ती कपातीची कलमे. क्रमवारी घसरली किंवा ठरलेल्या संख्येइतक्या स्पर्धा खेळता आल्या नाहीत, तर मानधन किती कमी होईल, आणि दुखापतीच्या काळाला त्यातून सूट आहे का, हे सहीपूर्वी स्पष्ट करून घ्यावे. करांसाठी जाणकार सल्लागार हवाच. आंद्रे आगासीच्या कंपनीला ब्रिटनबाहेरील प्रायोजकांनी ब्रिटनबाहेर दिलेल्या पैशांपैकी ब्रिटनमधील खेळाशी निगडित भागावरही ब्रिटनमध्ये कर लागू होतो, असा निर्णय 2006 मध्ये तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिला होता.

स्वतःचा करारही तितक्याच काटेकोरपणे लिहावा. बक्षिसाच्या रकमेवरील आणि जाहिरातींवरील कमिशन वेगवेगळे ठरवावे, आणि फारकत झाल्यावर जुन्या करारांवरील कमिशन किती काळ मिळेल तेही नोंदवावे. खेळाडू अठरा वर्षांखालील असेल, तर भारतीय कायद्यानुसार त्याच्याशी थेट केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो. त्यामुळे पालकांशी कोणता करार करता येईल हे वकिलाकडून समजून घ्यावे.

हितसंबंधांची गुंतागुंत या धंद्यात जुनीच आहे. 1968 आणि 1969 मध्ये अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघाचे कर्णधार असलेले, पेशाने वकील असलेले डोनाल्ड डेल हे आर्थर अॅश आणि स्टॅन स्मिथ यांचे एजंट होते; शिवाय वॉशिंग्टनच्या स्पर्धेची उभारणी आणि दूरचित्रवाणीवरील समालोचन हीही कामे ते करत. अशा दुहेरी भूमिका कायद्यात बसल्या तरी खेळाडूला लेखी कळवाव्यात, असे माझे मत आहे. वाइल्ड कार्डसाठी, म्हणजे क्रमवारीने पात्र नसलेल्या खेळाडूला आयोजक देतात त्या प्रवेशासाठी, पैसे देणे-घेणे मात्र टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांनुसार गुन्हाच आहे, आणि टेनिसवर पैज लावण्याची बंदी खेळाडूइतकीच त्याच्या एजंटलाही लागू होते.