थ्री नॉट थ्रीला किती ग्रेनची गोळी घ्यायची? जुनी ली-एनफिल्ड घेतलेल्यांसाठी

थ्री नॉट थ्री म्हटलं की आपल्याला पोलिस चौकी आठवते, भिंतीला साखळीने बांधलेल्या रायफली आणि खांद्यावर ती घेऊन उभा असलेला हवालदार. इथे कॅनडात तीच रायफल शिकारीची आहे. महायुद्ध संपल्यावर सरप्लसमध्ये स्वस्तात विकल्या गेल्या, लोकांनी पुढचं लाकूड कापून हलक्या करून घेतल्या आणि हरीण, मूस, एल्क (ही दोन्ही हरणाच्याच कुळातली खूप मोठी जनावरं) सगळं तिच्यावरच केलं. माझी नंबर ४ मॉडेलची ली-एनफिल्ड आहे, टोरंटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्यात बनलेली. अल्बर्टात आपल्या मराठी मंडळींपैकी काहीजण आता लायसन्स काढून शिकारीला यायला लागलेत आणि जुनी .३०३ हातात आली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, १५० घेऊ की १८०? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. (भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे इथे लायसन्स आणि टॅग (जनावरामागे मिळणारा परवाना) घेऊन शिकार करणाऱ्यांसाठीच.)

आधी एक गोंधळ काढून टाकू. आपण मराठीत पूर्ण काडतुसालाही गोळी म्हणतो आणि पुढे उडून जाणाऱ्या तुकड्यालाही गोळीच म्हणतो. बॉक्सवर जो १५० किंवा १८० आकडा असतो ना तो फक्त त्या उडणाऱ्या तुकड्याचं वजन, ग्रेनमध्ये, आतल्या दारूचं नाही. आणि ग्रेन म्हणजे किती हे आपल्याला खरं तर इथल्या लोकांपेक्षा लवकर कळायला हवं कारण ब्रिटिशांनी ठरवलेला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. राणीछाप चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. आजीकडे तसा रुपया असेल तर तळहातावर ठेवून बघा, १८० ग्रेनची गोळी तेवढीच लागते. बारा माशांचा तोळा धरला तर १५० ग्रेनची गोळी झाली बरोबर दहा मासे. दोन माशांचा फरक, वाद मात्र वर्षानुवर्षं चाललाय.

आता आकडे. फॅक्टरीची १५० ग्रेनवाली नळीतून साधारण २६९० फूट प्रति सेकंद वेगाने निघते आणि १८० वाली २४६० ने. गणित करून बघा, दोन्हींची ऊर्जा निघताना २४०० फूट-पौंडांच्या आसपास म्हणजे जवळपास सारखीच येते. त्यामुळे "१५० जास्त पॉवरफुल" किंवा "१८० जास्त पॉवरफुल" ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, पॉवर तेवढीच आहे, फक्त एकीत ती वेगात आहे आणि दुसरीत वजनात. वेगवाली सपाट जाते (वाटेत कमी खाली येते) आणि लवकर फुलते म्हणजे लागल्यावर तिचं टोक पसरतं, वजनवाली आत खोलवर जाते. हाडाला लागल्यावर ती पुढे जात राहील का हा प्रश्न मोठ्या जनावराला महत्त्वाचा असतो, लहानाला तितका नाही.

पण जनावराच्या आधी तुमची नळी बघा, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. .३०३ नाव असलं तरी गोळीचा व्यास .३११ ते .३१२ इंच असतो, .३०८ ची गोळी यात चालत नाही, ती रायफलिंगला, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचांना, नीट पकडतच नाही. त्यात युद्धाच्या घाईत बनलेल्या नळ्या एकसारख्या नाहीत, खाचेपासून खाचेपर्यंत कुठे .३१२ भरते तर कुठे .३१५ च्या पुढे जाते. काहींना पाच खाचा आहेत आणि युद्धकाळातल्या बऱ्याच नंबर ४ ना दोनच. जुन्या कॉर्डाइट दारूने नळीचा गळा (गोळी नळीत शिरते तो भाग) खाल्लेला असेल तर अजून वेगळी गोष्ट. गनस्मिथकडे जाऊन नळीतून मऊ शिशाचा तुकडा ढकलून माप घ्या, काम थोड्या वेळाचं आहे पण नंतरची सगळी डोकेदुखी वाचते. पाच खाचांची असेल तर साध्या मायक्रोमीटरने माप नीट घेता येत नाही कारण समोरासमोर खाच येत नाही, म्हणून माहीतगार माणसाकडेच न्या.

नळी सैल निघाली तर मागून निमुळती होत जाणारी बोट-टेल गोळी टाळा, सपाट बुडाची घ्या. सपाट बूड दाबाने थोडं पसरतं आणि नळी बंद करतं, शिवाय नळीला घासणारा भाग लांब मिळतो. १८० ची गोळी लांब असल्यामुळे अशा नळ्यांत बहुतेक वेळा तीच नीट वागते, माझ्या रायफलीत तरी १५० चा ग्रुप (कागदावर पडलेल्या भोकांचा पसारा) शंभर यार्डांवर तळहाताएवढा आणि १८० चा त्याच्या निम्मा. एका मित्राच्या खूप वापरलेल्या रायफलीत बोट-टेल घातली तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, कुलपाच्या भोकासारखी भोकं पडली, म्हणजे गोळी आडवी होऊन जात होती. त्याच रायफलीत सपाट बुडाची १८० घातली आणि भोकं लगेच गोल. असं लांबट भोक दिसलं तर त्या गोळीने शिकारीला जायचंच नाही, मग बॉक्स कितीचाही असो.

आता जनावर. व्हाइटटेल आणि म्यूल डियर ही हरणं, तसंच काळविटासारखा प्रॉन्गहॉर्न यांना १५० ची सॉफ्ट पॉइंट (टोकाला मऊ शिसं उघडं असलेली गोळी) उत्तम, बरगडीतून फुफ्फुसात जाते आणि फुलते, मोकळ्या प्रेअरीत दीडशे-दोनशे यार्ड मारायचं असेल तर सपाट जाण्याचा फायदाही मिळतो. एल्क आणि मूसला मी १८० च घेतो आणि दुसऱ्यालाही तेच सांगतो. मूसचा खांदा जवळून बघितला नसेल तर अंदाज येणार नाही, फळीएवढं रुंद हाड आणि त्यावर हातभर स्नायू. काळ्या अस्वलालाही १८०. हरणाला १८० चालते का? आरामात चालते, मांसही कमी नासतं कारण वेग कमी असल्यामुळे जखमेभोवती रक्त साकळलेला भाग कमी होतो. म्हणून कोणी म्हणालं की मला एकच बॉक्स घ्यायचाय तर माझं उत्तर ठरलेलं आहे, एक तोळा.

दुकानात .३११ व्यासाच्या १२३ आणि १२५ ग्रेनच्या गोळ्याही मिळतात, हातभरणी करणाऱ्यांना (घरी स्वतः काडतूस भरणाऱ्यांना) त्या स्वस्त वाटतात. त्या मुळात ७.६२x३९ या छोट्या काडतुसासाठी, म्हणजे बऱ्याच कमी वेगासाठी बनवलेल्या असतात. .३०३ च्या वेगाने त्या वरवरच फुटू शकतात. कागदावर सराव करा, जनावरावर नको.

दुसऱ्या टोकाला २१५ ग्रेन आहे. १८८८ मध्ये हे काडतूस आलं तेव्हा मूळ गोळी हीच होती, लांब, गोल नाकाची. वेग कमी, दोन हजाराच्या आसपास, पण खोल जाते. दाट झाडीत शंभर यार्डांच्या आत मूस मारायचा असेल आणि गोळी मिळाली तर छानच, पण मिळायला कठीण आणि महाग, त्यामुळे तिच्या मागे धावू नका.

आता १७४ बद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. १९१० च्या मार्क ७ लष्करी काडतुसाची गोळी १७४ ग्रेनची, टोकदार आणि पूर्ण तांब्याच्या मिश्रधातूने मढवलेली. आजही सरावासाठी तशीच मिळते, स्वस्त असते, आणि माणसाला वाटतं हीच घेऊन जाऊ. नाही. ती फुलत नाही, आरपार जाते किंवा आत वेडीवाकडी वळते, जनावर जखमी होऊन मैलभर पळतं आणि तडफडत मरतं. अल्बर्टात मोठ्या जनावरासाठी न फुलणारी गोळी वापरणं बेकायदेशीरही आहे. याचा इतिहास तर आपल्याच देशातला आहे. १८९० च्या दशकात सरहद्दीवर .३०३ ची मढवलेली गोळी माणसाला थांबवत नाही अशी तक्रार आली म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोक उघडं ठेवलेली गोळी बनवली, तीच ती डमडम. १८९९ च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला मनाई झाली. शिकारीत मात्र नेमकी तीच हवी, कारण इथे जनावर लवकर आणि कमी यातनेत मरावं ही आपली जबाबदारी आहे. १७४ ची सॉफ्ट पॉइंट मिळाली तर मात्र बिनधास्त घ्या, ती १८० ची सख्खी बहीणच.

आता साइटचा, म्हणजे रायफलीवर नेम धरायच्या खुणेचा मुद्दा. नंबर ४ ची मूळ लोखंडी साइट २४४० फुटांच्या त्या १७४ ग्रेनवर बेतलेली आहे, त्यामुळे १७४ आणि १८० तिच्याशी बरंच जमवून घेतात आणि १५० वेगळ्या जागी पडते. माझ्या दुसऱ्या सीझनला मी १८० वर झीरो केलेली (साइट त्या गोळीला जुळवलेली) रायफल घेऊन निघालो, आदल्या रात्री दुकानात १८० संपलेली, म्हणून १५० चा बॉक्स घेतला आणि "एवढ्याने काय होतंय" म्हणून रेंजवर न जाताच पहाटे रानात. नव्वद यार्डांवर उभी म्यूल डियर, गोळी छातीच्या खालून केस कापून गेली. जमिनीवर पांढऱ्या केसांचा झुपका पडला होता, रक्ताचा थेंब नाही, तरी मी तीन तास माग काढत फिरलो की कुठे पडली तर नाही ना. नंतर रेंजवर बघितलं तर १५० चार बोटं खाली पडत होती. तेव्हापासून वजन बदललं की झीरो परत, याला अपवाद नाही.

झीरो कसा ठेवायचा तर १८० ला शंभर यार्डांवर सव्वा-दीड इंच वर ठेवा, मग दीडशेवर बरोबर पडते आणि दोनशेवर साधारण चार इंच खाली. उघड्या साइटने मी दीडशेच्या पुढे मारत नाही, माझ्या मते तुम्हीही मारू नका.

वेग वाढवायचा मोह मात्र टाळा. ली-एनफिल्डचा बोल्ट (काडतुसामागे बसून नळी बंद करणारा दांडा) पुढे नाही, मागच्या बाजूला लॉक होतो, त्यामुळे जोराच्या दाबाने अॅक्शन (बोल्ट बसतो तो सांगाडा) ताणली जाते आणि लष्करी चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, हीसुद्धा ऐसपैस असते म्हणून काडतुसाचं पितळी कवच लांबतं. वापरलेली केस (तेच पितळी कवच) हातात घेऊन बुडाच्या वर बोटभर बघा, चकचकीत गोल रेघ दिसली तर ती केस तिथून फाटायच्या बेतात आहे, कचऱ्यात टाका. वजन कितीही निवडा, दाब काडतूस भरण्याच्या मॅन्युअलच्या मर्यादेत.

खरेदी करताना १५० आणि १८० चा एकेक बॉक्स आणा, बाकांवर सँडबॅग ठेवून दोन्हींच्या पाच-पाच गोळ्या मारा, मध्ये नळी थंड होऊ द्या, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. जी एकत्र पडते ती तुमची. मग त्याच लॉट नंबरचे अजून दोन-तीन बॉक्स त्याच आठवड्यात घेऊन ठेवा कारण ऑक्टोबर उजाडला की .३०३ दुकानातून गायब होते. आणि दस्त्याच्या डाव्या बाजूला मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने कंपनी, वजन, झीरोची तारीख लिहा, माझ्या टेपवर सध्या "१८०, सॉफ्ट, १५० यार्ड" एवढंच आहे.