दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार हरिश्चंद्रगडावर: दोन दिवसांचा ट्रेक कसा करावा

भर पावसात हरिश्चंद्रगडावर गेलात तर धुकंच बघून परत याल. चैत्र-वैशाखात गेलात तर करपलेलं गवत आणि अंगाची लाही. या दोन्हींच्या मध्ये काही आठवडे असे येतात की कातळात कोरलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली असतात, उतारावरची सोनकीची पिवळी फुलं अजून पुरती सरलेली नसतात आणि कोकणकडा या गडाच्या पश्चिम कड्यावरून खालचं कोकण स्वच्छ दिसतं. माझ्या मते हा गड बघायचा तो याच दिवसांत, आणि एक रात्र वर काढूनच. ज्यांनी पाठीवर सॅक घेऊन अजून गडावर मुक्काम केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

तारीख

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस हमखास गाठतो. सकाळ लख्ख असते आणि दुपारी तीननंतर ढग चढतात, विजा कडाडतात. उघड्या डोंगरमाथ्यावर वीज ही सगळ्यात मोठी भीती. म्हणून दिवाळीनंतरचा आठवडा धरा. कोजागरीला चांदणं सुंदर असतं हे खरं, पण गर्दीही तेवढीच असते. चांदणं हवंच असेल तर कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार बघा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्काम, तंबू आणि प्रवेश यांचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्याआधी वनविभागाकडे किंवा गावातल्या वाटाड्याकडे फोन करून विचारून घ्या. मुक्कामाला मनाई असेल तर पायथ्याच्या पाचनई गावात कुणाच्या घरी राहा आणि पहाटे चढा.

वाट

नळीची वाट आणि साधले घाट या गडाच्या अवघड वाटा पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी नाहीत. खिरेश्वरहून तोलार खिंडीने चढा आणि पाचनईला उतरा. चढताना डोंगर हळूहळू उलगडत जातो आणि उतरताना थकलेल्या गुडघ्यांना सोपी वाट मिळते. पण खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. पाचनई गडाच्या दुसऱ्या अंगाला, अकोले तालुक्यात. स्वतःची गाडी खिरेश्वरला ठेवलीत तर ती आणायला मोठा वळसा पडेल. त्यामुळे जाताना एसटीच बरी. मुंबईकडून येणाऱ्यांनी कल्याणहून माळशेज घाटमार्गे आळेफाट्याकडे जाणारी गाडी धरावी. पुण्याहून येणाऱ्यांनी आळेफाट्याला उतरून कल्याणची गाडी पकडावी. दोघांनीही उतरायचं खुबी फाट्यावर. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर पाचेक किलोमीटर आहे.

सॅक

ट्रेक बिघडतो तो बहुतेक वेळा घरीच, सॅक भरताना. पाण्यासकट वजन आठ-नऊ किलोच्या वर जाऊ देऊ नका. त्यातले तीन किलो पाण्याचेच आहेत, कारण पायथ्यापासून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत भरवशाचं पाणी धरून चालू नये.

सॅकमध्ये आधी प्लॅस्टिकची मोठी पिशवी उलगडून घाला, मग सगळं त्या पिशवीत भरा. तळाला स्लीपिंग बॅग. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि शिधा, मधोमध आणि पाठीला लागून. त्या वर किंवा बाहेरच्या बाजूला गेल्या की सॅक मागे ओढते आणि खडकावर तोल जातो. स्वेटर, कानटोपी आणि हेडटॉर्च अगदी वर. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, कारण खडक चढताना दोन्ही हात मोकळे लागतात.

कपड्यांचा एकच कोरडा जोड, तोही फक्त झोपताना घालायचा. पूर्ण पँट आणि घोट्याच्या वर येणारे मोजे हवेतच. गवत या दिवसांत कमरेएवढं असतं आणि त्यात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असू शकतं. काठी आपटत चाला, न बघता हात कुठे ठेवू नका. चुकून साप चावलाच तर कापाकापी करायची नाही, आवळून बांधायचं नाही. तो अवयव हलू न देता माणसाला शक्य तितक्या लवकर खाली आणि दवाखान्यात न्यायचं.

अत्तर आणि डिओ घरी ठेवा. कड्यांवर आग्यामोहळं असतात आणि उग्र वासाने किंवा धुराने ती उठतात.

खाण्याचं सोपं आहे: भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे, खजूर, मीठ-साखरेची पुडी. शनिवार-रविवारी देवळाजवळ गावकरी झोपड्यांत पिठलं-भाकरी देतात. ती घ्या, ताजी असते आणि पैसे गावात जातात. आधी सांगून ठेवलंत तर उत्तम. लाकडं तोडून चूल पेटवू नका.

शनिवार: चढाई

खिरेश्वरहून उशिरात उशिरा सकाळी नऊला निघा. तोलार खिंड दीड-दोन तास, तिथून देऊळ अडीच-तीन तास. खिंडीत दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आहे, तिथे बसून पाणी प्या. पुढे कातळटप्पा लागतो. रेलिंग आहे, तरी उन्हात शेवाळं वाळलंय की नाही हे पायाने चाचपून मगच वजन टाका. विजा चमकत असतील तर लोखंडाला हात लावू नका, टप्प्याच्या खालीच थांबा.

कातळ संपला की लोकांना वाटतं, पोहोचलो. इथेच फसगत होते. पुढे टेकड्यांमागून टेकड्या आहेत, चढ-उताराच्या, आणि गवतात वाटा फुटतात. एका वर्षी आम्ही दुपारी दोनला खिरेश्वर सोडलं. नोव्हेंबरात सहा वाजता सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात काळोख होतो, हे माहीत असूनही. दुसऱ्या की तिसऱ्या टेकडीवर वाट हरवली, आणि देवळाचा दिवा दिसेपर्यंत तीन तास गेले. आमच्यातली धाकटी मुलगी रडायची थांबत नव्हती. तेव्हापासून नऊची वेळ मी मोडलेली नाही. वाट चुकल्यासारखं वाटलं तर पुढे रेटू नका. शेवटची खात्रीची खूण होती तिथे परत या.

कोकणकडा

दुपारी दोनच्या सुमारास देवळाशी याल. सॅक ठेवा, जेवा, तासभर पडा. मग साडेचारला कोकणकड्याकडे निघा. अर्धा-पाऊण तास लागतो. कडा आत वळलेला, अर्धगोल आहे, त्यामुळे काठावर उभं राहून खालचं दिसत नाही. शेवटचे काही फूट पालथं पडून सरका आणि मागे कुणीतरी पाय धरून बसू द्या. खालून वर येणारा वारा तोंडावर आदळतो, सुकं गवत टाकलं तर ते उलटं वर येतं. सूर्यास्त झाला की पाचव्या मिनिटाला निघा, टॉर्च हातात घेऊनच.

इंद्रवज्र म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपलीच सावली. त्याचा योग सकाळी असतो, कारण कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य पाठीशी आणि खाली दरीत ढग, असं दोन्ही जुळलं तरच ते दिसतं.

रात्र आणि पाणी

गणेश गुहेसारख्या गुहांत मॅट अंथरून झोप चांगली लागते, मात्र जमीन गार असते, मॅट विसरू नका. देवळाजवळच्या टाक्यातलं पाणी फडक्याने गाळून, उकळून प्या. पुष्करणीत आणि केदारेश्वराच्या गुहेत साबण, भांडी, आंघोळ काही नाही. केदारेश्वराच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, त्याला टेकून फोटो काढणाऱ्यांना थांबवा.

रविवार

पहाटे तारामती शिखरावर जा, पाऊण तास पुरे. उतरून देऊळ नीट, सावकाश बघा. चांगदेवांचे शिलालेख इथे आहेत. दहाला पाचनईची वाट धरा. मंगळगंगा नदीच्या कडेकडेने दोन तासांत गावात पोहोचाल. बाजूला भात कापणी चालू असेल, खाचरांतून चालू नका, बांधावरून चाला. पाचनईहून राजूरला जायला जीप लागते. ती शनिवारीच फोनवर सांगून ठेवा, गाडीवाल्याचा नंबर कागदावरही लिहून ठेवा. कचऱ्याची पिशवी राजूरलाही सोडू नका, घरी नेऊन टाका.