जाहिरात चुकीची छापून आली तर पैसे कसे मागायचे

जाहिरातीत फोन नंबरचा एक आकडा चुकला की डोकं फिरतं, कोर्टात खेचतो वगैरे भाषा सुरू होते, पण आधी मेलमधून शेवटचं प्रूफ (छापण्याआधी मंजुरीला पाठवलेला नमुना) शोधून काढा कारण सगळं त्याच्यावरच अडतं. प्रूफमध्येच 3 च्या जागी 8 होता आणि तुम्ही न बघता 'ओके' पाठवलंत, किंवा आर्टवर्कच (जाहिरातीचं तयार डिझाइन) तुमचं होतं, तर केसमध्ये फारसा दम नाही. प्रूफ बरोबर होतं आणि छपाईत घोळ झाला असेल तर मात्र मागायला जागा आहे.

मग बुकिंग फॉर्म किंवा रिलीज ऑर्डरच्या (जाहिरात छापायची लेखी ऑर्डर) मागची बारीक अक्षरं वाचा (कोणीच वाचत नाही, माहितीये). तक्रार अमुक दिवसांत लेखी द्या, आणि आमची जबाबदारी फार तर बिलाच्या रकमेएवढी, असं तिथं बहुतेक वेळा असतंच. काही देशांत कोर्ट अवाजवी अट बाजूला ठेवतं, पण त्या भरवशावर राहू नका. मधे एजन्सी असेल तर करार नक्की कोणाशी झालाय, बिल कोणाच्या नावाचं आहे तेही बघा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

त्याच दिवशी मेल टाका, फोनवर भांडू नका. साधं लिहा: "अमुक तारखेच्या अंकात, अमुक पानावर आमचा नंबर चुकीचा छापलाय, मंजूर प्रूफ सोबत जोडलंय, जाहिरात फुकट परत छापा किंवा बिल माफ करा." अंकाचं पूर्ण पान जपून ठेवा, नुसतं कात्रण नको.

बुडालेला धंदा मागणं सगळ्यात अवघड. 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लंडमधल्या खटल्यात गिरणीचा तुटलेला शाफ्ट (यंत्राचा फिरता दांडा) पोचवायला वाहतूकवाल्यांना उशीर झाला, गिरणी बंद राहिली, तरी बुडालेला नफा मिळाला नाही, कारण असं नुकसान होईल हे करार करताना दोघांच्याही डोक्यात असेल असं कोर्टाला वाटलं नाही. म्हणून सेल दोनच दिवसांचा असेल तर ते बुकिंगच्या मेलमध्येच लिहून टाका.

आणि हातावर हात धरून बसू नका, दुकानाबाहेर आणि सोशल मीडियावर बरोबर नंबर लगेच लावा, टाळता येणारं नुकसान कोर्ट सहसा भरून देत नाही. किंमतच चुकली असेल तर साधारणपणे जाहिरात हे विकायचं वचन धरत नाहीत, पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचे ग्राहक कायदे वेगळे असतात, त्यामुळे दुरुस्तीची पाटी लावाच.

ऐकलंच नाही तर लेखी नोटीस, मग छोट्या दाव्यांचं कोर्ट असेल तर तिथं जा, रक्कम लहान असेल तर वकिलाची फीच दाव्याहून जास्त व्हायची. तडजोडीत अर्धं बिल माफ करतो म्हणाले तर कागदावर 'पूर्ण आणि अंतिम' लिहिलंय का ते बघून मगच सही करा, कारण एकदा सही केली की बाकीचं मागता येत नाही.