जुन्या २७ इंची सायकलला ७०० सी चाकं: ब्रेकचे रबर टायरला घासत असतील तर

जुन्या रोड सायकलची २७ इंची लोखंडी चाकं काढून ७०० सी मापाची अ‍ॅल्युमिनियमची लावली. (क्रोमच्या रिमवर पावसात ब्रेक लागतच नाही, म्हणून हा खटाटोप.) ब्रेक दाबला की रबराची वरची कड टायरला घासायची. रबर ब्रेकच्या हाताच्या खाचेत तळाला सरकवले तरी तेच. असं चालवू नका, टायरची बाजू फाटते.

जाड टायरने फरक पडत नाही. टायर बसतो तो व्यास २७ इंचीत ६३० मिमी, ७०० सीत ६२२. म्हणजे रिम सगळीकडून ४ मिमी आत सरकते. खाच कानसीने वाढवली तर ब्रेकचा हात कमजोर होतो. जाम वैताग आला होता.

शेवटी चाक बसवून, फ्रेममधल्या ब्रेकच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या घासपट्टीच्या (रबर लागतं त्या पट्टीच्या) मध्यापर्यंत मोजलं. हीच लागणारी पोच. पुढे ५९, मागे ६६ मिमी. म्हणून ५५ ते ७३ मिमी पोच असलेले कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक) घेतले, तेही बाहेरून नट लागणारे. आत बुडणाऱ्या नटाला ८ मिमीचं भोक लागतं, जुन्या फ्रेमला सहसा ६ चंच असतं.

कॅलिपर, खोलगट वॉशर, फ्रेम, पलीकडे पुन्हा खोलगट वॉशर, नट. आधी नट हातानेच. दोन्ही बाजूंच्या रबरांचं रिमपासूनचं अंतर सारखं केलं, मग पान्याने आवळला. त्यानंतर रबर रिमच्या वरच्या कडेपासून १ मिमी खाली, पुढचं टोक किंचित आत. केबल सगळ्यात शेवटी. मडगार्डची पट्टी याच बोल्टवर येत असेल तर बोल्टची लांबी आधीच बघून घ्या.