जुनी पितळी घंटा कशी ओळखावी, तिची किंमत कशी ठरवावी

काळी पडलेली घंटा म्हणजे जुनी घंटा, हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याने नकली माल विकणाऱ्यांचं मोठं भलं केलं. काळेपणा एका दुपारीत आणता येतो. त्यामुळे रंग सोडा आणि पुढच्या क्रमाने घंटा बघा.

आधी चुंबक लावा. घंटेच्या अंगाला चिकटलं तर लोखंडावर मुलामा आहे, विषय संपला. आतला लोलक चिकटला तर बिघडत नाही, तो बरेचदा लोखंडीच असतो.

मग वाजवा. देवघरातली घंटा मुठीला धरून आणि टांगायची घंटा दोरीला लटकवून लाकडाने हलकेच ठोका. नाद लांब घुमला तर बहुधा कांसं, म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. तांबं-जस्ताच्या पितळेचा आवाज लवकर विरतो. बाजारात दोन्ही 'पितळी' म्हणूनच विकतात, पण कांशाचा भाव जास्त. नादात भरड किंवा फाटका सूर आला तर कुठेतरी चीर आहे. कानस मारून धातू तपासा असं कुणी सांगितलं तर त्याला स्वतःच्या घंटेवर मारायला सांगा.

आता झीज. सगळी मेख इथे आहे, आणि मीसुद्धा इथेच बराच काळ अडलो होतो, कारण झीज म्हणजे गुळगुळीतपणा असं मला वाटायचं. तसं नाही. झीज कुठे आहे आणि कुठे नाही, दोन्ही बघावं लागतं.

मुठीवर गरुड असलेली हातातली घंटा घ्या. ती पिढ्यान् पिढ्या धरली गेली, चिंचेने-राखेने घासली गेली. म्हणून गरुडाचं नाक, गुडघा, जोडलेले हात झिजून सपाट होतात आणि अंगठा टेकतो तिथे धातू मऊसूत लागतो. पण पंखाच्या मागच्या खाचेत ना बोट जातं ना काथ्या. तिथल्या रेषा अजून धारदार असतात आणि तळाशी घट्ट मळ असतो. वर झीज, खाचेत धार: ही जोडी जुन्या घंटेची.

नकलेत उलटं दिसतं. जुन्या घंटेवरून साचा घेऊन ओतली की सगळंच बोथट येतं, जिथे काही घासणं शक्य नाही त्या खाचासुद्धा. गरुडाचा चेहरा पुसट आणि पंखामागची नक्षीही तितकीच पुसट असेल तर खाली ठेवा. विक्रेता आजोबांची गोष्ट सांगू लागला तर जरा लवकर ठेवा.

मग घंटा उलटी करून कडेच्या आत बघा. वर्षानुवर्षं वाजलेल्या घंटेत लोलक आपटायच्या जागी उथळ, चकचकीत चट्टे पडतात. हात एकाच दिशेने हलतो, त्यामुळे ते बहुतेक समोरासमोर असतात. बाहेरून 'दोनशे वर्षांची' आणि आतून कोरी, अशी घंटा घेऊ नका.

हिरवटपणाची परीक्षा सोपी. ओला कापूस फिरवा. भुकटी सहज सुटली तर बहुधा आम्लाची करामत. काळ्यावर, लपलेल्या जागी, नेलपॉलिश काढायचं द्रव लावा. कापूस काळा झाला तर तो रंग आहे.

आकडे आणि अक्षरं शेवटी वाचा, कारण तीच माणसाला भुलवतात. उठावाची अक्षरं साच्यातून घंटेबरोबर येतात. कोरलेली अक्षरं नंतर कधीही घालता येतात. 'शके' असेल तर ७८ मिळवा: शके १७९० म्हणजे इसवी सन १८६८. अक्षरांच्या कडाही मुठीइतक्याच झिजलेल्या हव्यात. उठावाच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. '१८७८ सेन्येलेजिए' (हे स्वित्झर्लंडमधलं गाव) असं लिहिलेल्या स्विस गुरांच्या घंटा नंतरही अमाप ओतल्या गेल्या. जहाजाच्या घंटांचंही तेच: गुजरातेत अलंगला जहाजं तोडायला सुरुवात झाली १९८३ साली, त्यामुळे तिथून आलेली घंटा खरी असली तरी बहुधा विसाव्या शतकातलीच. आणि बाजारात कुणी 'वसईची पोर्तुगीज घंटा' दाखवली तर हसून पुढे व्हा. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेल्या त्या घंटा देवळांत टांगलेल्या आहेत, नाशिकला नारोशंकराकडे, भीमाशंकरला.

किंमत अशी लावा. वजन गुणिले त्या दिवसाचा मोडीचा भाव, हा तळ. त्यावर पैसे द्यायचे ते मुठीच्या कामाचे, नादाचे आणि तारखेसह खऱ्या कोरीव मजकुराचे. चीर असेल तर नादाचे पैसे शून्य. बदललेल्या लोलकाने फारसा फरक पडत नाही. मूठ मागाहून बसवलेली असेल तर निम्म्याखाली मागा. नुसत्या वयाचे वेगळे पैसे मी देत नाही. साधी, ओबडधोबड घंटा शंभर वर्षांची असली तरी साधीच.

देवस्थानाचं नाव कोरलेलं असेल तर ती कुठून आली हे कागदावर दाखवल्याशिवाय हात लावू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते: खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि असा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायची असेल तर नवीच घ्या.

घरी आणल्यावर घासू नका. ज्या मळावरून घंटा जुनी म्हणून ओळखली तोच चिंचेबरोबर वाहून जातो. कोरडं फडकं पुरे.